ओल्या आवाजाची परीक्षा

बापाचे कान वेगळे आणि बाप वेगळा, असं कप्तानांनी आधीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. त्यामुळे त्यांची लेक त्या दुपारी शिंप्याच्या दुकानात आली ती कोणाच्या दयामायेची अपेक्षा न ठेवता. तशी गरजही तिला वाटत नव्हती. आपणच जिंकणार याची तिला इतकी खात्री होती, की निघण्यापूर्वी आरशासमोर उभं राहून तिने 'त्यात काय एवढं' असा चेहरा दोनदा करून पाहिला होता.

कप्तान म्हणजे फेरीबोटीचे कप्तान. नोकरी संपली तरी हाक तीच राहिली. उमेदीच्या वयात त्यांनी आपली धाकटी बहीण आणि शेजारचा शिंपी यांना हाताशी धरून एक बँड काढला होता, आणि तो अजून चालू होता. कप्तान गिटारवर, बहीण बेसवर, शिंपी ड्रमवर. वाजवायचे ते सर्फ. फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणाऱ्या पोरांसाठी कधी काळी जन्मलेलं हे संगीत. त्यात गाणारा कोणी नसतो, गिटारच गाते, आणि तिचा आवाज ओला असावा लागतो. तार तळव्याने दाबून छेडली की पाण्यात थेंब पडल्यासारखा 'टप्प' आवाज यायला हवा, आणि त्याच्यामागून घुमारा पसरत जायला हवा.

कप्तानांचा ओलावा यायचा एका खोक्यातून. खोक्यात लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. गिटारचा आवाज त्यांच्यातून थरथरत जायचा आणि भिजून बाहेर पडायचा. आता स्प्रिंगा थकल्या होत्या, आणि खोकं उचलणारेही. खोक्याचं एक टोक आयुष्यभर धरत आलेल्या बहिणीने सांगून टाकलं, की दादा, यापुढे मी एकतर बेस उचलेन नाहीतर हे धूड. बंदरावरच्या क्लबातला कार्यक्रम तोंडावर आला होता. तेव्हा ठरलं, की खोक्याला निरोप द्यायचा आणि डिजिटल पेडल आणायचं. पेडल म्हणजे पायाने दाबायची डबी. आत स्प्रिंग नाही की काही नाही, एक चिप असते आणि ती आकडेमोड करून आवाज भिजवते.

अशी तीन पेडलं ओळखीच्या वादकांकडून मागून आणली. चौथं घरचंच होतं, लेकीने स्वतः केलेलं.

लेक कानाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होती. भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, रस्त्याचा गोंगाट बाजूला काढून माणसाचं बोलणं तेवढं स्वच्छ कानात पोहोचवायचं, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुट्ट्यांवर पाणी सोडून तिने हे पेडल उभं केलं होतं. बाबांचं खोकं कारखान्यातल्या शांत खोलीत नेऊन, जाड फोमवर ठेवून, स्प्रिंगांची नस न् नस मोजली होती. बाबांच्या जुन्या कॅसेटी साफसूफ करून ऐकल्या होत्या. तिला हवं होतं ते एकच. कोणाचं पेडल आहे हे माहीत नसताना, नुसत्या कानांनी, बाबांनी तिचं निवडावं. कारण बाबा तोंडावर कोणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. शिंप्याने जीव ओतून ड्रम वाजवले तरी ते 'चालेल' म्हणायचे, आणि शिंपी त्या एका शब्दावर महिनाभर खूश असायचा.

परीक्षेला शिंप्याचं दुकान बरं होतं. चारही भिंतींना कापडाचे तागे, त्यामुळे खोलीचा स्वतःचा घुमारा अजिबात नाही. पेडलाचं जे असेल तेच ऐकू येणार. कपडे घालून पाहायच्या कोपऱ्याला पडदा होता. त्याच्याआड आत्या पेडलं घेऊन बसली. कप्तान शिंप्याच्या उंच स्टुलावर चढले, पाय दांडीवर ठेवले, आणि पडद्याकडे पाठ करून वाजवू लागले.

पहिलं निळं होतं. घुमारा लांबलचक, पण थेंबाचा पत्ता नाही. ओसाड गोदामात वाजवल्यासारखं वाटतंय, असं कप्तान म्हणाले. दुसरं हिरवं, त्याला बटणंच बटणं. आत्याने ती सगळी फिरवून पाहिली, आवाज काही भिजेना. तिसरं पांढरं. पहिलीच तार दाबून छेडली आणि 'टप्प' असा काही थेंब पडला, की शिंप्याने कात्री खाली ठेवली. कप्तानांनी पुन्हा छेडलं, पुन्हा छेडलं. ते नुसते वाजवतच राहिले. चौथं लावलं तेव्हा लेकीने जिवाचा कान केला. थेंब पडला, घुमारा उठला, सगळं जागच्या जागी होतं. पण कप्तान मध्येच थांबले.

"हे नीटनेटकं आहे," ते म्हणाले. "धुऊन, इस्त्री करून, घडी घातल्यासारखं. तिसरंच बरं."

तोवर आत्याने पडदा सारला होता, आणि इस्त्री कोणाची ते सगळ्यांना दिसलं. शिंप्याने उगीचच एक तागा उलगडून पुन्हा गुंडाळला. आत्या म्हणाली, की दादा, नीट ऐकलंस ना? कप्तान म्हणाले, नीट ऐकलं म्हणूनच. लेकीने पेडल पिशवीत घातलं आणि 'त्यात काय एवढं' हा चेहरा करायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

राग तर आलाच होता. पण ती बापाची लेक होती, आणि बापाचे कान खोटं बोलत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग घोडं पेंड खातंय कुठे? घरी येऊन तिने एक जुनी कॅसेट लावली, आणि या वेळी ती साफ न करता ऐकली. खरखर, शिंप्याचे ड्रम, आत्याचा बेस, बाबांची गिटार. आणि मध्येच, गिटार गप्प असताना, एक बारीकसा 'छप्प'. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तार छेडलेली नाही आणि पाणी उडालंय. पुढे पुन्हा तसंच, आणि बरोबर तालात. हा आवाज तिने पूर्वीही ऐकला होता. कॅसेट खराब आहे असं समजून तिनेच तो पुसून टाकला होता.

शेजारच्या खोलीत बाबा उभं राहून कार्यक्रमाची तयारी करत होते. गिटार कशालाच जोडलेली नव्हती, तारांची नुसती किणकिण चालली होती. आणि भिंतीतल्या कपाटातल्या काचेच्या बशा थरथरत होत्या. लेक दारात जाऊन उभी राहिली. बाबांची डावी टाच जमिनीवर आपटत होती. डोळे मिटलेले, चेहरा शांत, आणि टाच मात्र हातोडीसारखी.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पाठोपाठ स्वतःची इतकी चीड आली की काही विचारू नका. स्प्रिंगा नुसती गिटार ऐकत नव्हत्या, त्या जमीनही ऐकत होत्या. टाच पडली की खोकं हादरायचं आणि स्प्रिंगांमधून पाणी उडायचं. आणि तिने काय केलं होतं? खोकं फोमवर ठेवलं होतं. आवाजातून नको ते काढून टाकायची सवय तिच्या हाडीमाशी इतकी खिळली होती, की तिने आपला बापच काढून टाकला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती पेडल उघडून बसली. तळाला तिने एक चकती चिकटवली, जमिनीची थरथर पकडणारी, आणि ती थरथर गिटारच्या आवाजाबरोबर आत सोडली. किती सोडायची, हे ठरवण्यातच तिचा घाम निघाला. कमी सोडली तर ऐकू येईना, जास्त सोडली तर रस्त्यावरून ट्रक गेला तरी छप्प व्हायचं. शेवटी जमलं, आणि तिने पुन्हा परीक्षा मागितली. कप्तानांनी आढेवेढे घेतले. निकाल लागलाय, असं म्हणाले. आत्याने त्यांना दंडाला धरून दुकानात आणलं.

"या वेळी स्टूल नको," लेक म्हणाली. "क्लबात उभे राहाल तसे उभे राहा, बाबा."

पडद्याआडून आधी पांढरं लागलं. थेंब तसाच सुरेख पडत होता. मग दुसरं लागलं. कप्तान वाजवत गेले, रंगत गेले, डोळे मिटले, आणि टाच पडली. छप्प. ते थबकले. त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग लेकीकडे. आणि बोटीवर कधी कोणी पाहिला नसेल असा कप्तानांचा चेहरा लाल झाला.

"ही माझी खोड आहे," ते म्हणाले. "वाजवायला शिकवणाऱ्याने यासाठी मला किती बोलून घेतलंय. आयुष्यभर लपवली मी ती. आणि तू ती यंत्रात घातलीस?"

लेकीने खाली पाहिलं नाही. ही खोड काढली तर तुमचा आवाज उरत नाही, आधी मी तीच चूक केली होती, असं ती म्हणाली. ऐकू येऊ नये अशी इच्छा असेल तर ती बंद करायचं बटण मागे आहे, हेही तिने सांगितलं. तेवढ्यात शिलाई मशीनमागून शिंप्याने खाकरून घेतलं आणि सांगितलं, की कप्तान, लपली कुठे होती, मी तर इतकी वर्षं ताल तुमच्या टाचेवरूनच धरतोय. आत्या पडद्याआडून म्हणाली, की मीसुद्धा.

कप्तान बराच वेळ गिटारच्या तारा उगीचच पुसत राहिले. मग त्यांनी तीच धून पहिल्यापासून वाजवली, संपेपर्यंत, टाच न आवरता. मागचं बटण त्यांनी शोधलंही नाही.

"पांढऱ्याचा थेंब अजूनही सरस आहे," धून संपल्यावर ते म्हणाले. ते ऐकूनही लेकीला वाईट वाटलं नाही, कारण ते खरं होतं. "पण तो कोणीही वाजवला तरी तसाच पडेल. मला हे हवं." बस, एवढंच. पण लेकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुकानातून घरापर्यंत ती चालत गेली की तरंगत, हे तिला पुढे कधी आठवलं नाही.

क्लबातला कार्यक्रम उघड्या लाकडी मंचावर होता. गर्दी चांगली जमली होती. लेक मुद्दाम मागच्या रांगेत उभी राहिली, आवाज शेवटपर्यंत ओला पोहोचतो का ते पाहायला. बँडमध्ये गाणारं कोणी नसल्यामुळे मंचावर माईक नसायचा, पण आज कप्तानांनी तो मागून घेतला. त्यांना बोलायची सवय नव्हती. त्यांनी घसा साफ केला, पेडल उचलून लोकांना दाखवलं आणि म्हणाले, "हे माझ्या मुलीने केलंय. असं दुसरं कुठे नाही." मग ते खाली ठेवून त्यांनी माईक बाजूला सारला.

लोकांना वाटलं, आता गिटार सुरू होणार. पण कप्तानांचे हात तारांवर शांत होते. ते ताठ उभे राहिले आणि सगळ्यांदेखत त्यांनी डावी टाच मंचावर आपटली. एकही तार न छेडता सगळ्या क्लबावरून लाट फुटल्यासारखा आवाज पसरला.

लेकीच्या शेजारच्या बाई दचकल्या आणि काय पडलं, काय पडलं, म्हणून इकडेतिकडे बघू लागल्या.

"काही पडलं नाही," लेक म्हणाली. "ते माझे बाबा आहेत."