टबातलं तपकिरी पाणी

सकाळी दहा वाजता, कापड रंगवायच्या कारखान्याच्या जेवणघरात, बुवांच्या टबातलं पाणी तपकिरी झालं. टबात मीठ, विजेच्या वायरीला जोडलेल्या लोखंडी कांड्या आणि धाकटीचे पाय होते. भोवती कामगारांची ही झुंबड!

"बघा, रंगाचं विष तळव्यांतून उतरलं!" बुवा गरजले. "पोरी, रक्त आरशासारखं झालं तुझं. आता खुशाल रंगाच्या हौदात हात घाल!"

धाकटीने हात जोडले. दारात उभ्या ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती प्रयोगशाळेत रसायनांचा विषारीपणा तपासायची. हातमोजे घाल म्हणून बहिणीपुढे वर्षभर घसा कोरडा केला, तरी मोजे घरी खुंटीवर लोंबत होते. आणि या माणसाने एका टबात बहीण पळवली!

"ताई, जळतेस होय?" धाकटी म्हणाली.

"जळतेच आहे. बुवा, नवं पाणी घ्या. मीठ तेवढंच, कांड्या त्याच, वीज तीच. पाय मात्र कुणाचेच नकोत."

"मंत्र वाया जाईल, बाई."

"जाऊ द्या की! पाणी फुकट आहे," म्हणत स्वयंपाकिणीने टब भरलासुद्धा.

पाय नसतानाही पाणी तपकिरी झालं. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंडी कांडी झिजते. विष कसलं, गंज!

"म्हणजे टबालाच विषबाधा झाली होती," स्वयंपाकीण म्हणाली. बुवांनी वायर गुंडाळायला घेतली.

ताईने पिशवीतून एक पट्टी आणि छोटं यंत्र काढलं. "हिच्या टोकावर डीएनए आहे. तो धड असला की यंत्राच्या पडद्यावर रेषेची टेकडी उंच दिसते. बिघडला की बसते." पट्टी हौदातून आणलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवली. टेकडी बसली.

"आणि तुझी पट्टी खरी कशावरून?" धाकटीने विचारलं.

ताईला ते झोंबलं. बुवांना तिने असं काही विचारलं नव्हतं. तरी तिने नवी पट्टी स्वच्छ पाण्यात तेवढाच वेळ धरली. टेकडी जागची हलली नाही.

"मग माझ्या आतला डीएनएही बिघडलाय?"

"पट्टी पाण्याचं सांगते, तुझं नाही. तुझं मला माहीत नाही."

बुवांकडे याचंही उत्तर तयार असतं. ताईला त्याचाही हेवा वाटला.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," ती सगळ्यांना म्हणाली. "टबातून पाय काढून बघा, पट्टीखालचं पाणी बदलून बघा, मग ठरवा."

हौद अजून चालू आहे. बुवांचा टब शेजारच्या कारखान्यात गेलाय. सोमवारी धाकटी कामावर गेली, तेव्हा खुंटी रिकामी होती. मोजे तिने हातात घातले की नाही, ते अजून कळलेलं नाही.