काढून टाकलेली जाळी

नजीरभाईंनी मेन स्विच खाली पाडला, ओव्हनचा बाजूचा पत्रा काढून भिंतीला टेकवला आणि पाण्याच्या व्हॉल्व्हच्या पुढची नळी सोडवून तिच्या तोंडाखाली एक स्टीलची वाटी ठेवली. मग उकिडवे बसून वाटीकडे बघत राहिले.

नरडाण्याच्या कारखान्याचं ते कँटीन. चारशे माणसांचा भात, इडल्या, उकडलेल्या भाज्या त्या एका स्टीम ओव्हनमधून निघत. कालपर्यंत निघत होत्या. काल दुपारी वाफेऐवजी आत पाणीच शिरलं, भाताचे सगळे ट्रे बुडाले, फरशीवर घोटाभर पाणी झालं. पहिल्या पाळीतली माणसं ताटं वाजवत बसली आणि शेवटी उपाशीच मशीनवर गेली. आज सकाळी जळगावहून पॅसेंजरने नजीरभाई मिस्त्री आले, तेव्हा कँटीनचा ठेकेदार हितेंद्र फाटकातच उभा होता. ओव्हन कसा बिघडला याची चौकशी त्याने कालच उरकली होती. ओव्हनवर काम करणारी दिपमालाबाई काल सकाळी ओव्हन आतून धुण्याचा फवारा उघडा ठेवून गेली, असं त्याचं म्हणणं. कारखान्याच्या मॅनेजरला त्याने तसं कळवलंही होतं. आता मिस्त्रीने कागदावर तेच लिहून द्यायचं राहिलं होतं.

वाटीत एक थेंब पडला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा लवकर पडला.

नजीरभाईंना एवढं पुरेसं होतं. हा व्हॉल्व्ह विजेवर उघडतो. वीज मिळाली की आतली खीळ वर उचलली जाते आणि पाणी जातं. वीज गेली की खीळ खाली बसते, तिच्या टोकाचं रबर भोकावर दाबलं जातं आणि पाणी थांबतं. वीज बंद असतानाही पाणी ठिबकतंय म्हणजे दोष विजेचा नाही, बटणांचा नाही आणि फवाऱ्याचा तर नाहीच. व्हॉल्व्हचं तोंडच नीट मिटत नव्हतं. ओव्हनची वाफेची टाकी भरली तरी पाणी येतच राहिलं आणि वाफेच्या नळीतून भातावर सांडलं. बाईने काही केलेलं नव्हतं.

ते मान वर करून हे बोलणारच होते. मोरीपाशी ट्रे घासत दिपमालाबाई त्यांच्याकडेच बघत होती. चाळिशीची बाई, शिंदखेड्याहून रोज गाडीने येणारी, सहा वर्षांत एकदाही खाडा नाही. पण नजीरभाईंची एक सवय होती. मशीन चालू झाल्याशिवाय कारण सांगायचं नाही. अर्धवट निदान सांगून तोंडघशी पडलेले मिस्त्री त्यांनी चाळीस वर्षांत पुष्कळ पाहिले होते. त्यांनी नळ बंद केला आणि व्हॉल्व्ह खोलला.

रबराखाली क्षाराचा खडा होता. ज्वारीच्या कणीएवढा, पांढरा. त्याने रबराला चीर पाडली होती. खडा आत आला कुठून, म्हणून त्यांनी व्हॉल्व्हचं पाणी घेणारं तोंड उजेडाकडे धरलं. तिथे नखाएवढी गोल जाळी असते. असले खडे अडवणं हे तिचं एकच काम.

तोंड रिकामं होतं. आरपार उजेड दिसत होता.

जाळी त्यांनीच काढली होती. मागच्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं आणि जाळी दर आठ दिवसांनी तुंबायला लागली. ओव्हन बंद पडायचा, नजीरभाई जळगावहून येईपर्यंत दिपमालाबाई चारशे माणसांचा भात शेगडीवर शिजवायची, आणि उशीर झाला म्हणून बोलणीही तीच खायची. चौथ्या खेपेला त्यांनी पक्कडीने जाळी उपटली आणि कचऱ्यात टाकली. त्यात त्यांना वावगं वाटलं नव्हतं. या भागातलं पाणीच तसं. जळगावपासून धुळ्यापर्यंत कुठलाही मिस्त्री वॉशिंग मशीन बसवताना पहिल्यांदा जाळी काढून ठेवतो, आणि गिऱ्हाईक वर आभार मानतं. "आता फोन करायची वेळ येणार नाही बाई," असं ते दिपमालाबाईला म्हणाले होते. तिने त्या दिवशी आपल्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यांना अर्धी मोडून दिली होती.

"चाचा, सापडनं का काही?" दिपमालाबाई ओले हात पदराला पुसत जवळ येऊन उभी होती.

नजीरभाईंनी व्हॉल्व्ह मुठीत झाकला. तो का झाकला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. नजीरभाईंचा हात लागलेलं मशीन पुन्हा उघडावं लागत नाही, असं पिंप्राळ्यापासून नरडाण्यापर्यंत लोक म्हणत. ते ऐकत ऐकत त्यांचे केस पिकले होते.

"बघतोय बाई," ते म्हणाले. "आधी चालू तर होऊ दे."

ती फवाऱ्याच्या नळीजवळ गेली, तिची चावी फिरवून पाहिली, पुन्हा फिरवून पाहिली, आणि ट्रे घासायला बसली.

पुढच्या तासाभरात नजीरभाईंनी मन लावून काम केलं. नवा व्हॉल्व्ह बसवला, जाळीसकट. टाकीतला क्षार खरवडला, नळ्या धुतल्या. नळ्या धुवायची तशी गरज नव्हती. मध्ये हितेंद्रने दिपमालाबाईला ऑफिसात बोलावलं ते त्यांनी मान न वळवता ऐकलं. मशीन चालू झालं की पहिलं वाक्य तिच्याबद्दल बोलायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. दोन वेळा वाफ करून पाहिली. टाकी भरली की पाणी चोख थांबत होतं.

मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला. जाळी मी स्वतः काढली होती. बाईंची चूक नाही. खाली सही केली.

हितेंद्रने उभ्याउभ्याच कागद वाचला आणि हसला. हसण्यात राग नव्हता.

"चाचा, आपलं नाव आपल्याच हाताने कशाला खराब करता?"

"जे झालं ते लिहिलं."

"अहो, पण तिने सही करून दिली. चूक कबूल केली. अर्ध्या तासापूर्वीच गेली ती." हितेंद्रने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मॅनेजरला आता दुसरं काही सांगितलं तर पहिलं खोटं होतं का, असं ते विचारणार. सोमवारपासून नवी बाईही ठरली आहे, हे सगळं त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं. आणि जाता जाता म्हणाला, "नव्या व्हॉल्व्हची जाळी तेवढी काढून ठेवा. तुंबली की पुन्हा तुमचे हेलपाटे."

"नाही काढणार."

"बरं. मी दुसऱ्या कोणाकडून काढून घेतो."

स्टेशनवर ऊन होतं. दिपमालाबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबा मांडीवर घेऊन बसली होती. नजीरभाई तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगून टाकलं. खडा, जाळी, मागचा उन्हाळा, सगळं.

"मी इचारं तवय तुमले माहीत व्हतं?" तिने विचारलं.

"होतं."

ती रुळांकडे बघत राहिली. "फवारा मी बंद करेल व्हता, चाचा. दोनदा देखेल व्हतं. पन काल बठ्ठा दिन समदा तेच सांगी ऱ्हायंतात. तुमीबी काही बोलनात नही. मंग मालेच वाटाले लागनं, ऱ्हायना व्हई उघडा. म्हनीसन सही करी दिनी."

नजीरभाईंनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"घर फोन बी करी दिना," ती म्हणाली. "मन्ही चूक व्हई गई म्हनीसन. पोर मालेच बोलनी. तुन्हं ध्यानच नही ऱ्हास, म्हने."

"फोन लावा," नजीरभाई म्हणाले. "मी सांगतो तिला."

तिने आधी नको म्हटलं. मग लावून दिला. पलीकडे तिची मुलगी मयुरी होती, नववीतली. नजीरभाईंनी आपलं नाव सांगितलं आणि लहान मुलाला समजावं तसं सावकाश सांगायला सुरुवात केली. व्हॉल्व्हमध्ये रबर कसं असतं, वीज गेल्यावर ते भोकावर कसं बसतं, मधे खडा आला तर काय होतं. तो खडा अडवायला जाळी असते. ती मी काढली. आईने फवारा बंदच केला होता. आई बरोबर होती.

पोरगी हुशार होती. तिने नीट ऐकून घेतलं. जाळी परत बसवली का, असंही विचारलं. बसवली, म्हणून त्यांनी सांगितलं.

"मग आईला परत घेतील ना आजोबा?"

शिंदखेड्याकडची गाडी लांबवर दिसायला लागली होती. लोक आपापल्या पिशव्या उचलत होते.

"नाही बेटा," नजीरभाई म्हणाले.

त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. शेवटी दिपमालाबाईने तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला, त्याला लागलेलं ग्रीस पदराने पुसलं आणि बायकांचा डबा जिथे येतो तिकडे चालायला लागली.