सहावा रकाना

"पक्केकाका, आता तुम्ही," मॅडम म्हणाल्या, आणि वर्गातल्या सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

काका उठले. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात सव्वीस वर्षं घालवलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर लोकसहभागाच्या पत्रकारितेच्या वर्गात येऊन बसला होता. साध्या माणसांनी आपल्या अवतीभवतीच्या बातम्या पाठवायच्या, वर्गाने त्या तपासायच्या आणि कॉलेजच्या ऑनलाइन पानावर टाकायच्या, असा तो अभ्यासक्रम. तपासायचं काम आपसूक काकांकडे आलं, कारण ताकही फुंकून पिणारा दुसरा कुणी वर्गात नव्हता. फोनवर प्रत्येकाला तीन-तीनदा "पक्कं ना?" विचारायचे, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं. काकांना ते मनातून आवडायचं.

आज शेवटचा तास होता. या वर्गाने मला काय दिलं, ते एकेकाने वाचून दाखवायचं होतं. काकांच्या हातात मात्र निबंध नव्हता. पडताळणीचा एक तक्ता होता, गेल्या सोमवारचा.

"काका, तो नको," मॅडम हळूच म्हणाल्या. "ती बातमी काढून टाकलीये आपण. आणि तुम्ही तर सगळं नियमाप्रमाणेच केलं होतं."

"तेच वाचतो, मॅडम. नियमाप्रमाणे केलेलं."

त्या सोमवारी सव्वाअकराला वर्गातल्या एका मुलीने बसस्थानकावरून फोटो पाठवला होता. बस उभी, खाली प्रवासी ताटकळलेले आणि आत चालक स्टिअरिंगवर डोकं टेकून पडलेला. मुलगी मुळात थट्टेखोर. तिने खाली लिहिलं होतं, "प्रवासी उन्हात, चालकसाहेब स्वप्नात!"

काकांनी तक्ता पुढे ओढला. त्यात पाच रकाने. ठिकाण, वेळ, फोटो कुणी काढला, गाडीचा नंबर आणि दुसरा साक्षीदार. स्थानकाच्या फाटकाशी चपला शिवत बसणाऱ्याचा नंबर त्यांच्याकडे होता. त्यांनी फोन लावला.

"दादा, ती बस दिसतेय का तुम्हाला?"

"समोरच आहे की. ड्रायव्हर मस्त पेंगतोय. झाली असतील दहा मिनिटं."

"नंबर वाचा बरं जरा. तिथून नको, जवळ जाऊन वाचा."

बिचारा हातातली चप्पल टाकून उठला, बसपाशी गेला आणि एकेक आकडा वाचत गेला.

"पक्कं ना?"

"अहो काका, गाडीला हात लावून सांगतोय!"

काकांनी पाचही रकान्यांत बरोबरची खूण केली, खाली सही ठोकली आणि बातमी पानावर गेली. अर्ध्या तासात दोनशे लोक तिच्यावर हसून गेले.

घर कॉलेजच्या मागेच होतं. साडेबाराला जेवायला गेल्यावर काकांनी मोठ्या कौतुकाने फोन बायकोपुढे धरला. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"मग? उठवलं का त्याला कुणी?"

"त्यात उठवायचं काय?"

"अहो, झोपलेल्याचा हात असा लोंबतो का? बघा तरी."

काकांनी बघितलं. हा फोटो त्यांनी सकाळी होता होईल तेवढा मोठा करून पाहिला होता, पण नंबरप्लेटपाशीच. घास हातातच राहिला. खरकट्या हातानेच त्यांनी फोन लावला.

"नेलं हो त्याला," चपलावाला म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "कंडक्टर कागद घेऊन आला बाराला, त्याने हलवलं तर अंगात काहीच नाही. काका, मी गाडीला हात लावून उभा होतो हो! हाक का नाही मारली मी?"

दादाने हाक मारली नव्हती, कारण काकांनी त्याला नंबर विचारला होता. संध्याकाळी कळलं, चालक गेला. अर्धा तास आधी आणला असता तर काहीतरी करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून काका पुरते हादरले होते. ग्रंथालयात पुस्तकावर तारखेचा शिक्का मारतानाही हात मध्येच थांबायचा.

"ठिकाण, बरोबर," काका वाचू लागले. "वेळ, बरोबर. फोटो कुणी काढला, बरोबर. गाडीचा नंबर, बरोबर. दुसरा साक्षीदार, बरोबर."

खिडकीजवळची मुलगी हुंदके देत उभी राहिली. "काका, फोटो मी काढला. काच माझ्यापासून दोन हातांवर होती. नुसती टकटक केली असती तरी..."

"बस, पोरी. तू काढलास, मी पक्का केला."

काकांनी खिशातून पट्टी काढली आणि पाचव्या रकान्याखाली एक रेघ मारली. बैल गेला नि झोपा केला, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी ग्रंथालयाच्या कार्डावर लिहायचे त्याच सुबक अक्षरात लिहिलं, "हाक मारली का?" आणि पुढे, "नाही."

"द्या तो कागद इकडे," मॅडम म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

"थांबा, मॅडम," काका खाली वाकून म्हणाले. "याच्यापुढे सही राहिलीये माझी."