पाणी माझं, कौतुक माठाचं

मी फिल्टर बोलतोय. स्टीलचा, दोन डब्यांचा, पोटात दोन पांढऱ्या कँडल असलेला. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव जळका आहे. कशामुळे झाला, ते ऐका.

दोन हजार तीन साल. आखाडा बाळापुरात सोनाजींच्या घरी नळ आला, पण पाण्याला औषधाचा उग्र वास. पहिलाच घोट सोनाजींनी अंगणात थुंकला. सून वैष्णवी म्हणाली, "मामा, फिल्टर आणू." सासूबाई नर्मदाबाई कडाडल्या, "घरात माठ असताना डबडं काहून पायजे?" पण सून हटली नाही.

हिंगोलीच्या दुकानात आम्ही तिघं होतो. विजेवरचा मोठ्या ऐटीत भिंतीवर टांगलेला. सोनाजी म्हणाले, "लाईट राहती कुठं?" प्लॅस्टिकच्याचा वास घेऊन वैष्णवीनं त्याला बाजूला सारलं. मग दुकानदारानं माझी तोटी सोडली. ती डोळे मिटून सावकाश प्यायली आणि म्हणाली, "मामा, ह्योच." तिघांतून मला निवडलं! एसटीत तिनं मला मांडीवर घेतलं होतं.

घरी आलो, तर शेजार मिळाला माठाचा. तिवईवर बसलेला, ओलं फडकं गुंडाळलेला, म्हातारा. नर्मदाबाई रोज माझं पाणी काढायच्या आणि त्याच्यात ओतायच्या. "पत्र्याच्या पाण्याला गोडी न्हाई," म्हणायच्या. वास मी काढायचा, गाळ मी गिळायचा, आणि येणारा-जाणारा म्हणायचा, "काय माठ हाय!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वैष्णवी मान खाली घालून ऐकायची. तिनं पारखून आणलेल्या वस्तूला घरात किंमत नव्हती, हे तिलाही लागायचं.

ऐन वैशाखात धुता धुता माठ तडकला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नर्मदाबाईंनी नवा आणला, पण तो आधी दोन दिवस भिजत ठेवायचा होता. नेमका त्यांचा धाकटा भाऊ किसनराव डोंगरकड्याहून आला. पाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ. चव आवडली नाही तर तांब्या तसाच खाली ठेवायचा. वैष्णवीनं तांब्या थेट माझ्या तोटीखाली धरला.

त्यानं तो एका दमात रिकामा केला. "आक्का, तुह्या माठाच्या पाण्याला तोड न्हाई बघ!"

मी आतल्या आत उकळलो. वैष्णवीनं रिकामा तांब्या उचलला. नर्मदाबाईंनी एकदा सुनेकडं पाहिलं.

"माठ तर कालच फुटला, किसना. हे आमच्या वैष्णवीच्या फिल्टरचं हाय. चव घेऊन आणलाय तिनं. मीच उगं नावं ठेवून राहिले व्हते."

"मंग सून गुणाची हाय, आक्का!"

वैष्णवीचे डोळे भरून आले. पदरानं टिपत ती हसली. सगळे तिच्याकडं बघत होते. माझ्याकडं एकानंही पाहिलं नाही.

आता माझी तोटी गळते, कँडल झिजल्यात. माठांचं मला काही वाटेनासं झालंय; त्यांचं आयुष्य तरी केवढंसं! पण वैष्णवी अजून पाहुण्यांची शाबासकी घेतेय, ते बघवत नाही. म्हणून एकच विनंती. कधी आमच्याकडं आलात आणि पाणी गोड लागलं, तर तिचं कौतुक जरूर करा. पण आधी माझं करा.