कोऱ्या चिठ्ठीवरची सही

धुळाला फुरसं चावलं सकाळी नवाला, कडब्याची पेंढी उचलताना. हरणाबाईनं लेकाला जीपमधनं सरकारी आरोग्य केंद्रात आणला, तवा त्याच्या हिरड्यांतनं रक्त येत हुतं.

संयोगिता सिस्टरनं पाय बघितला, ड्रॉवर उघडला, चिठ्ठी काढली. "साताऱ्याला न्या, मावशी."

हरणाबाईला वाचता येत न्हवतं, पर नजर शाबूत हुती. वर नाव लिहायचं बाकी, अन् खाली निळी सही झालेली. ड्रॉवरात तसलाच गठ्ठा.

"डाक्टर कुठायत?"

"मीटिंगला."

"मग सही कुणी केली? साप चावायच्या आदीच ठरलं व्हय, माझ्या लेकाला साताऱ्याला धाडायचं?"

सिस्टरनं नाव लिहायला पेन उचललं.

"सातारा दोन तास. हितं इंजेक्शन न्हाई?"

"हाय. फ्रीजमधी."

"मग?"

संयोगितानं खिडकीकडं बोट केलं. काचेच्या जागी पुठ्ठा हुता. "गेल्या साली हितं पेशंट दगावला. लोकांनी काचा फोडल्या, वरच्यांनी चौकशीआदीच तवाच्या सिस्टरला घरी बसवलं. तवापासनं कोण अंगावर घेत न्हाई. चिठ्ठी दिली की सुटलो."

हरणाबाईची मान खाली गेली. त्या दिवशी पहिला दगड धुळाचा हुता. कॉटवर धुळानंबी डोळं मिटलं.

"आज कायबाय झालं तर माझंबी तेच करशीला," संयोगिता म्हणाली.

"खोटं कशाला बोलू? ल्योक गेला तर बोंब मारीन. पर तू पळाली न्हाईस, हेबी त्याच तोंडानं सांगीन."

संयोगितानं डॉक्टरला फोन लावला, स्पीकरवर.

"रेफर कर. अंगावर घेऊ नको."

"सर, रक्त येतंय. दोन तास थांबण्यासारखं न्हाई. मी सुरू करतीय. डोस सांगा, न्हाईतर सांगितला न्हाई असं लिहिते."

पलीकडं खुर्ची सरकली. मग आवाज आला, "दहा बाटल्या, सलाईनमधनं. मी येतोय."

हरणाबाई ड्रॉवरापाशीच बसली. तिचा अजून कुणावर इस्वास न्हवता.

दुपारी रक्त थांबलं, तवा डॉक्टर पोचलेला. त्यानं आधी पेशंट न्हाई, रजिस्टर बघितलं. संयोगिताच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, 'डॉक्टर हजर नव्हते.'

"हे खोड. न्हाईतर नोटीस येईल तुला."

"येऊ दे, सर."

हरणाबाईनं शाईचा पॅड ओढला, त्या ओळीखाली अंगठा उठवला. मग ड्रॉवरातला गठ्ठा काढून टेबलावर पसरला.

"डाक्टर, ह्यातली कंची चिठ्ठी कुणाच्या लेकराची, तेवढं सांगा."