मागचा कार्बोरेटर

बालाघाटहून वारासिवनीकडे निघालं की गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक टिनाचं छप्पर लागतं. त्याखाली दोन-चार मोटारसायकली पोटं उघडी टाकून पडलेल्या असतात आणि एखादा ट्रॅक्टर आडवा लावलेला असतो. तेच महेंद्रचं गॅरेज. खरं म्हणजे ते दुलीचंद उस्तादांचं; पण उस्ताद मागच्या हिवाळ्यात गेले, आणि पाटीवरचं नाव तसंच असलं तरी लोक महेंद्रचं गॅरेज म्हणू लागले. पहिल्यांदा ते ऐकून महेंद्रला कसंसंच व्हायचं. मग हळूहळू बरं वाटायला लागलं.

उस्तादांचे कान म्हातारपणी पार गेले होते. जन्मभर हातोड्याचे घाव आणि फुटक्या सायलेन्सरची इंजिनं, दुसरं काय होणार! कार्बोरेटर बसवला की एका रबरी नळीचं टोक त्याच्या तोंडाशी धरायचं, दुसरं आपल्या कानाला लावायचं आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा सुस्कारा ऐकत स्क्रू फिरवायचा, अशी त्यांची जुनी पद्धत होती. कान गेल्यावर ती नळी त्यांनी आपल्या चेल्याच्या, महेंद्रच्या हाती दिली. "ऐक, अन् मले सांग," एवढंच म्हणायचे आणि त्याच्या ओठांकडे बघत उभे राहायचे. महेंद्र सांगेल तसा ते स्क्रू फिरवायचे. त्याच्या शब्दावर त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. इंजिन चालू असताना कोणी बोलायला लागलं की ते कार्बोरेटरची दांडी अंगठ्यानं दाबून रेस कमी करायचे, इंजिन अगदी कुजबुजण्यावर आणून ठेवायचे, आणि बोलणाऱ्याचं बोलून झालं की अंगठा सोडायचे. ठार बहिऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग, म्हणून गिऱ्हाइकं हसायची. उस्तादही हसायचे, पण सवय काही सुटली नाही.

आता राजेंद्रसेठच्या गाडीचं बघा. सेठची वारासिवनीला राइस मिल आहे, आणि मिलच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांच्या काळापासून एक लांबलचक सहा सिलेंडरची गाडी उभी आहे, कधीकाळी मँगनीज खाणीच्या कोण्या साहेबासाठी आलेली. रूप देखणं, पण दम नाही. एवढ्या सहा तोंडांना एकच जुना कार्बोरेटर, तोही मधोमध. मधल्या सिलेंडरांना पोटभर आणि टोकाच्यांना उपास, असला तो संसार होता. हिला दोन कार्बोरेटर लावा, हे उस्ताद सेठच्या वडिलांना सांगून सांगून थकले होते. यंदा सेठच्या मुलीचं, दीप्तीचं लग्न ठरलं, तिची पाठवणी याच गाडीतून करायची असं सेठनं मनावर घेतलं, आणि बाहेरून दोन नवे कार्बोरेटर आले.

पण दोन कार्बोरेटर बसवायचे तर ते ज्या नळ्यांवर बसतात आणि ज्यांच्यातून इंजिनाच्या पोटात हवा-पेट्रोल जातं, तो मॅनिफोल्डही वेगळा लागतो, आणि तसला कुठं तयार मिळत नव्हता. नागपूरच्या कारखान्यांनी हात वर केले. महेंद्र म्हणाला, बघतो.

बघायला त्याला कुठं जायचं नव्हतं. उस्तादांचं दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या बायकोनं, अंजनाकाकूंनी, घरामागच्या पडवीतलं सगळं लोखंड पोत्यांत भरून त्याच्या हवाली केलं होतं. "ने बाबू, भंगार आहे, मले काय करायचं त्याचं," असं म्हणाल्या होत्या. त्यातल्या एका पोत्याच्या तळाशी, तेलकट लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तो मॅनिफोल्ड होता. नळीला नळी अशी निगुतीनं जोडलेली की वेल्डिंगवरून बोट फिरवत बसावं. उस्तादांनी तो घरी बसून, बाहेर कोणाला न सांगता, याच गाडीसाठी बनवला होता, आणि खालच्या बाजूला आपलं अक्षर ठोकलं होतं: दु.

महेंद्रनं तो सेठला दाखवला, तेव्हा त्याच्या मनात खरंच होतं की सांगावं. सेठ, हे उस्तादांचं काम आहे. बस, एवढंच सांगायचं होतं. पण सेठनं तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि महेंद्रच्या पाठीवर थाप मारली. "वा रे भैया! नागपूरवाल्याईले नाही जमलं, अन् तू घरीच बनवून टाकलं?" महेंद्रनं उघडलेलं तोंड मिटलं. तोंड मिटणं एक वेळ समजून घेता येईल हो, माणूस गडबडतो. पण सेठ गेल्यावर त्यानं कानस घेतली आणि ते अक्षर घासून काढलं, वरून चंदेरी रंग दिला, आणि रंग वाळेपर्यंत तिकडं बघायची त्याला लाज वाटली.

गॅरेजात आणून सगळं बसवल्यावर गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. महेंद्रनं नळी आधी पुढच्या कार्बोरेटरशी धरली, मग मागच्या. दोन्हींचा सुस्कारा सारखा हवा. पुढच्यात हवा एकसारखी वाहत होती, मागच्यात मात्र ती जराशी येत-जात असल्यासारखी वाटली. स्क्रू फिरवून त्यानं ते जमवलं, निदान जमलं असं स्वतःला सांगितलं. सेठबरोबर त्यांचे कोणी पाहुणे आले होते, त्यांनी बॉनेटमध्ये वाकून विचारलं, "ये किसने बनाया?"

"मीच बनवलं," महेंद्र म्हणाला.

इंजिनाची रेस खाली आली. बंद पडायच्या बेतात असल्यासारखी नाही, तर कोणी दांडी हळूच दाबून धरल्यासारखी कुजबुजण्यावर आली, आणि त्याचं वाक्य संपताच पुन्हा वर गेली. पाहुणे हसले, म्हणाले, गाडी को भी सुनना था. महेंद्रही हसला. मग त्यानं दांडी तपासली, स्प्रिंग बदलली, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली. कुठं काही वावगं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजात कोणी नसताना त्यानं इंजिन चालू केलं आणि उगाच मोठ्यानं म्हणाला, "आज ऊन लय आहे." रेस हलली नाही. "शीलानं डब्यात वांगं देल्लं." हललीच नाही. मग घसा खाकरून तो म्हणाला, "हे मी बनवलं." रेस खाली आली, थांबली, आणि वर गेली.

दांडीला कोणाचा हात नव्हता. आता खरं बोलून बघावं, असंही त्याच्या मनात आलं. "हे उस्तादाईनं" इथपर्यंत तो बोललासुद्धा, आणि रेस उतरायला लागली. पण तेवढ्यात शेजारचा पंक्चरवाला पाणी मागायला आत आला. महेंद्रनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. पंक्चरवाल्याच्या कानावर पडलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण तेवढीही हिंमत त्याच्यात नव्हती, आणि ते त्याचं त्यालाच कळत होतं.

घरी तर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. बायकोनं, शीलानं, गाडीचा व्हिडिओ खैरलांजीला माहेरी पाठवला, तिचा भाऊ फोनवर म्हणाला, जावई तर इंजिनिअर निघाले. वर सेठचा निरोप आला, की लग्नात पाठवणीच्या आधी माइकवर महेंद्रचं नाव घेऊन शाल-श्रीफळ देणार आहेत. शीला त्याचा पांढरा सदरा इस्त्रीला घेऊन बसली, आणि तो जेवता जेवता उठून बाहेर गेला. उद्या गाडी बघायला सेठ येतील तेव्हा सांगून टाकू, असं तो रोज ठरवत होता, आणि सेठ रोज येऊन जात होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, अंजनाकाकू गॅरेजात आल्या. डोक्यावर पदर, हातात पेरूंची पिशवी. महेंद्र शेवटचं जुळवत होता. इंजिन चालू, नळीचं एक टोक मागच्या कार्बोरेटरच्या तोंडात अडकवलेलं, दुसरं मडगार्डवर ठेवलेलं.

"शीला सांगून राह्यली होती, लय मोठं काम केलं म्हणे तू," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं, आणि तेच त्याला सोसवेना.

"काही नाही, काकू."

"काहून काही नाही? ह्याईच्याबी मनात होतं असंच. पडवीत बसून नळ्या जोडत राहायचे, मले म्हणायचे, एक दिवस लावीन." त्या गाडीकडे बघत राहिल्या. "कोठी गेलं असंन ते, कोणास ठाऊक."

त्यांना काही संशय नव्हता. त्यांनी नुसतं विचारलं होतं, घरातली हरवलेली वस्तू विचारतात तसं. तो चंदेरी मॅनिफोल्ड त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. महेंद्रला वाटलं, आत्ता पाय धरावेत, सगळं ओकून टाकावं.

"भंगारात गेलं असंन, काकू," तो म्हणाला.

रेस खाली आली. या वेळी ती वर गेली नाही. उतरत उतरत अगदी बारीक झाली, आणि इंजिन बंद पडलं. पंखा एकदा करकरला. गॅरेजात एवढी शांतता झाली की रस्त्यापलीकडची बस थांबल्याचंही ऐकू आलं.

काकूंनी मडगार्डवरचं टोक उचललं. "हेच नळी ना ते? तू ऐकायचा अन् ह्याईले सांगायचा." आणि सहज, पोरीबाळी शंख लावतात तसं, त्यांनी ते कानाला लावलं.

"काकू, इंजिन बंद आहे. त्याच्यात आता काही ऐकू नाही येत."

काकूंनी बोट वर करून त्याला गप्प केलं. त्यांचा चेहरा बदलला. घाबरल्यासारखा नाही, घरच्या माणसाची चाहूल लागल्यासारखा. महेंद्रच्या हातातला पाना निसटून खाली वाजला, तरी त्यांनी वळून बघितलं नाही.

"काय म्हणतेत?" त्यानं शेवटी विचारलं. कोण, हे त्यानं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

"काही नाही म्हणत. ऐकूनच राह्यलेत." मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. "त्याईले आता ऐकू येते, महेंद्र."

त्यांनी नळीचं टोक कानापासून काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्यापुढं केलं. कानापाशी नाही, तोंडापाशी.

"सांग त्याईले," त्या म्हणाल्या.

नळीतून त्याच्या ओठांवर उबदार हवा येत होती, जात होती, आणि तिला पेट्रोलचा वास नव्हता. त्यानं तोंड उघडलं, आणि नीट ऐकू यावं म्हणून माणूस श्वास रोखून धरतो, तशी ती हवा थांबली.