जागा कोणी सांगायची

आमच्या बंदरातल्या सगळ्या बोटी रोज दुपारी मला खोटं सांगतात आणि मी ते खोटं नीट टाइप करून वर पाठवते. मला पगार त्याचाच मिळतो.

राष्ट्रीय मत्स्य विकास धोरण आलं तेव्हा बंदराच्या ऑफिसात वायरलेसची खोली झाली. मच्छीमारांच्या घरातलीच शिकलेली मुलगी हवी म्हणून मला त्या खुर्चीत बसवलं. नियम असा, की प्रत्येक बोटीने आपण कुठे जाळं टाकलंय ते रोज कळवायचं. म्हणजे देशाला कळेल मासळी कुठे आहे, आणि कोणी अडचणीत आलं तर शोधायलाही सोपं. ऐकायला काय छान वाटतं. पहिल्या हंगामात आमच्या भाबड्या लोकांनी खरं सांगितलं. आठवडाही गेला नाही तोच मासेमारी महामंडळाची मोठी जहाजं नेमकी त्याच जागांवर येऊन उभी राहिली आणि तळ खरवडून गेली. तिथे अजून काही मिळत नाही. तेव्हापासून जो तो एकच सांगतो, "बेटाच्या उत्तरेला."

बेटाच्या उत्तरेला नुसती वाळू आहे. पण ऑफिसातल्या नकाशावर तिथे बोटींची इतकी दाटी दिसते की एव्हाना एकमेकींवर आपटून सगळ्या बुडायला हव्या होत्या. त्यानंतर बदलून आलेल्या आमच्या साहेबांनी मात्र तिथे मासळीचं भांडारच आहे असा अहवाल लिहायला घेतला होता. साहेब तसे वाईट नाहीत. हाताखालच्या माणसावर कधी ओरडत नाहीत, स्वतःचा चहा स्वतः करून घेतात. बोट लागते त्यांना, एवढाच काय तो दोष, आणि समुद्र खात्यात तो तसा कोणाला दिसत नाही.

आमच्या घरची खरी जागा मला माहीत नव्हती. ती आमची एकट्यांची नव्हतीच. चार घरं तिच्यावर जगत होती, आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजोबांपासून. घरात त्या जागेचा विषय निघाला आणि मी आत आले की सगळे गप्प. मला राग यायचा, अजूनही येतो. बारक्या, माझा धाकटा भाऊ, लहानपणी काडी होता म्हणून बारक्या, आता दारातून आडवा होऊन शिरतो, तो मला चिडवायचा. "ताई, तुला माहीतच नसलं तर तुझ्या तोंडून निघेल कसं? तू आपली सुखाने खोटं टाइप कर."

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. सगळ्या बोटी धक्क्याला बांधलेल्या, फक्त बारक्याची नव्हती. असा दिवस आला की तो हमखास बाहेर पडायचा. दुसऱ्या कोणाच्या बोटी समुद्रात नसतात, मागोमाग येऊन जागा बघणारं कोणी नसतं. दोन खलाशी घेऊन तो पहाटेच गेला होता. दुपारी त्याने नेहमीच्या सुरात कळवलं, "बेटाच्या उत्तरेला." मी टाइप केलं. कप धुवायला उठले तेवढ्यात वायरलेस परत खरखरला.

"ताई, पाणी शिरतंय."

त्याचा आवाज शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. बारक्या साध्या गोष्टीला आरडाओरडा करतो.

"कुठून शिरतंय? इंजिन चालू आहे?"

"बंद पडलं. पंपही बंद. भरतेय बोट."

"कुठे आहेस?"

तो बोलेना. मी बटण दाबून पुन्हा विचारलं. एवढं कळत होतं की तो ऐकतोय, आणि आपल्याबरोबर आणखी कोण कोण ऐकतंय याचा विचार करतोय.

"आबांना माहितीये," तो म्हणाला. "त्यांना विचार." पुढे काहीतरी बोलला, ते कळलं नाही. मग नुसती खरखर.

मूर्ख. बोट बुडतेय आणि हा जागा लपवतोय. मला त्याला तिथल्या तिथे एक ठेवून द्यावीशी वाटली.

साहेब दारातच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "त्याची शेवटची नोंद आहे ना? बेटाच्या उत्तरेला. मी बचाव केंद्राला कळवतो." त्यांनी फोन उचललासुद्धा.

"तिथे नका पाठवू."

"का?"

"तो तिथे नाही. नोंद खोटी आहे."

फोन त्यांच्या हातात तसाच राहिला. "तुमच्या भावाची?"

"सगळ्यांची. तुम्ही आल्यापासून सगळ्यांची."

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. बघता बघता चेहरा उतरला त्यांचा. मला वाटलं आता बोलतील, माझी नोकरी, बोटींचे परवाने, सगळं काढतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मग खरा कुठे आहे?"

मी तोवर घरी फोन लावला होता. साहेबांनी बचाव केंद्राला बोट बुडतेय एवढं कळवून ठेवलं. घर धक्क्यामागेच, आबा धापा टाकत आले. त्यांच्या मागून बातमी लागलेले बाकीचे आले. धक्क्यावर गुपित आणि बातमी यांचा वेग वेगळा असतो. दारात गर्दी झाली, आणि गर्दीत नाना होते. नाना म्हणजे आबांचे सख्खे धाकटे भाऊ, त्या चार घरांतलेच. धोरणातून कर्जाने नवी बोट मिळत होती, आबांनी बारक्यासाठी ती घेतली, आणि त्या दिवसापासून नाना आबांशी बोलत नव्हते. "आज बोट देतायत, उद्या समुद्र मागतील," असं भर चौकात म्हणाले होते. समोरासमोरची दारं, पण आबा बाहेर आले की नाना आत जायचे.

"आपल्या बोटी काढा," आबा म्हणाले. "आपणच जाऊ."

इंजिनाची कामं करणारा मिस्त्री दारात होता. त्याने मान हलवली. "या वाऱ्यात तिथवर जाईस्तोवर अंधार पडेल, आबा. आणि अंधारात तीन डोकी दिसणार नाहीत."

कोणी काही बोलायच्या आत वायरलेस बोलला. अनोळखी, भारदस्त आवाज. "बंदर, महामंडळाच्या जहाजावरून कप्तान बोलतोय. तुमची बोट अडचणीत आहे ते ऐकलं. बचाव केंद्राची बोट लांब आहे, आम्ही जवळ असू. जागा सांगा, लगेच निघतो."

खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळे आबांकडे बघू लागले.

"आबा, सांगा," मी म्हणाले.

त्यांनी दारातल्या माणसांकडे बघितलं, एकेकाकडे. त्या चार घरांची माणसं तिथेच उभी होती. "माझी एकट्याची नाही ती," ते म्हणाले.

मिस्त्रीने साहेबांना विचारलं, "साहेब, जहाज तिथे जाऊ दे, माणसं उचलू दे. पण नंतर तिथे जाळं टाकणार नाही असा शब्द देता?"

साहेब खोटं बोलले असते तर त्या क्षणी मला आवडलं असतं. "तो अधिकार मला नाही," ते म्हणाले. "मी विनंती करू शकतो."

"बंदर, जागा," कप्तान म्हणाला. "उशीर होतोय."

"आबा, तो बुडतोय," मी ओरडले. बापावर मी जन्मात कधी ओरडले नव्हते. "चार घरांचं नंतर बघा. पोरगा बुडतोय तुमचा."

आबा उभे होते तसेच राहिले. त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही, हे मला आता कळतं. सरकारी बोट घेऊन त्यांनी एकदा सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता सगळ्यांच्या तोंडचा घास स्वतःच्या पोरासाठी द्यायचा, तोही त्या घरांना न विचारता, हे त्यांच्याने होईना. आणि विचारायचं म्हटलं तर कोणत्या तोंडाने विचारणार?

नाना गर्दीतून पुढे आले. आबांकडे बघितलंही नाही. माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "बटण कोणतं?"

मी दाखवलं.

"समुद्रातून बघताना दीपगृहाच्या बरोबर मागे टेकडीवरची पाण्याची टाकी लपली पाहिजे. ती एक रेघ. वीटभट्टीची चिमणी बेटाच्या टोकाला चिकटली पाहिजे. ती दुसरी. दोन्ही जुळतात तिथे तो आहे."

साहेबांनी तोवर नकाशा भिंतीवरून उतरवून टेबलावर पसरला होता. पट्टी घेऊन त्यांनी एक रेघ मारली, मग दुसरी. जिथे त्या एकमेकींना कापत होत्या तिथले आकडे त्यांनी माइकवर दोनदा वाचले. "निघालो," कप्तान म्हणाला.

मग वाट बघणं. कोणी बसलं नाही. खिडकीची काच वाऱ्याने थडथडत होती. मिस्त्रीने तिच्या फटीत कागदाची घडी खोचली, ती पडली, त्याने परत खोचली. आबा आणि नाना एकाच टेबलाच्या दोन कडांना उभे होते. दोघांची नजर त्या दोन रेघांवर होती. मी वायरलेसला कान लावून बसले होते आणि मनातल्या मनात बारक्याला शिव्या देत होते. शिव्या थांबवल्या तर दुसरंच काहीतरी मनात येईल याची भीती होती.

"बंदर."

मी बटण दाबलं. साहेब म्हणाले, "बोला."

"तिघे सापडले. उलटलेल्या बोटीला धरून होते. तिघेही जिवंत आहेत."

आबा खाली फरशीवरच बसले. नानांनी भिंतीकडे तोंड केलं. मी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले आणि मला कोणाचीही लाज वाटली नाही. दारातलं कोणीतरी हसलं, कोणीतरी धक्क्यावर सांगायला पळालं.

थोड्या वेळाने बारक्याचा आवाज आला. दात वाजत होते त्याचे. "ताई."

"बोल रे."

"जागा कोणी सांगितली?"

मी नानांकडे बघितलं. ते पुढे आले. "मी," ते म्हणाले.

"नाना, आम्ही धरून होतो. अजून धरलं असतं."

"गप बस," नाना म्हणाले आणि माइक माझ्या हातात दिला.

त्यानंतर कप्तान बोलला. माणसं ठीक आहेत, कोरडे कपडे दिलेत, गरम जेवण दिलंय. "आणि वारा पडलाय. इथे खाली मासळी भरपूर दिसतेय आम्हाला. आलोच आहोत तर एक फेरा मारून मग येतो."

साहेबांनी माइक ओढून घेतला. "कप्तान, माझी विनंती आहे. आधी माणसं किनाऱ्यावर आणा."

"माणसांना काही धोका नाही, साहेब. तिथे मासेमारीला मनाई आहे का?"

साहेब नकाशाकडे बघत राहिले. त्यांनी स्वतःच मारलेल्या रेघांवर बोट टेकवलं होतं. "नाही," ते शेवटी म्हणाले. "मनाई नाही."

दारातली माणसं एकेक करून निघून गेली. कोणी आम्हाला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. नाना मात्र गेले नाहीत. आबांनी उठायला हात टेकला तेव्हा त्यांनी आबांचं कोपर धरलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बारक्याने परत हाक मारली. आता त्याचा आवाज नीट होता, पण खूप हळू बोलत होता.

"ताई, यांच्याकडे माणसं कमी आहेत. जाळं खूप जड झालंय म्हणतात. बाकीचे दोघं झोपलेत, मी उभा दिसलो म्हणून मला म्हणतायत, जरा हात लाव." तो थांबला. "काय करू?"

मी मागे वळले. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. आबा खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले, पण माइक त्यांनी घेतला नाही.

"लाव म्हणावं," ते म्हणाले. "जीव वाचवलाय त्यांनी."

मी बटण दाबलं. "बारक्या, आबा म्हणतात, हात लाव."

"बरं," तो म्हणाला.